शनिवारचा वानवळा

दीपमाला: अहो आई, तुम्ही आत्ता शेंगा सोलताय?

इंदुबाई: मंग काय करू वं? हात रिकामे ठेवून बसवत नाही. आन् तुरीच्या ओल्या शेंगा व्हय ह्या. जास्त ठेवल्या त दाने निबर होतात, मंग वांग्यात टाकाच्या कामाचे नाही राहात.

दीपमाला: बाहेर तुमचा मुलगा कोयता घेऊन उभा आहे.

इंदुबाई: मले मालूम हाय. नारळ फोडाचा कोयता व्हय थो. मीच ठेवला होता बाल्कनीत.

शुभंकर: दीपा, दार उघड. मी अजून शांतपणे सांगतोय.

दीपमाला: ऐकलंत? कोयत्याचं टोक फळीतून आरपार आलंय आणि हे म्हणे शांतपणे. नशीब समजा, विश्रांतवाडीतल्या या जुन्या सोसायटीत स्वयंपाकघराला दार तरी आहे. तुमच्या मुलाला ओपन किचनचा फ्लॅट हवा होता. घेतला असता तर एव्हाना आटोपलं असतं माझं.

इंदुबाई: असं अभद्र नोको बोलू सकाळी सकाळी. आन तो हात इकडं.

दीपमाला: नका! आई गं! नका हात लावू.

इंदुबाई: बापा! कसं टम्म सुजलं मनगट. हाड मोडलं असन काय वं?

दीपमाला: मला काय विचारताय? तुम्ही तिथेच उभ्या होतात काल. मोडल्याचा आवाज तुम्हालाही आलाच असेल.

इंदुबाई: आला.

दीपमाला: मी किंचाळले, तो आवाज तर अख्ख्या बिल्डिंगला गेला. कोणी आलं? सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला, ‘कृपया टीव्हीचा आवाज कमी ठेवावा, मुलांच्या परीक्षा जवळ आल्या आहेत.’ खाली हात जोडलेले. शुभंकरनेच वाचून दाखवला मला, हसत हसत. मग फोन काढून घेतला.

शुभंकर: काय कुजबुज चाललीये आत? आई, तू तिचं काही ऐकू नकोस. तू बाहेर ये. तुला मी काही करणार नाहीये. माझं जे काही आहे ते हिच्याशी आहे.

दीपमाला: काय आहे पण? एक गजरा! कालपासून एका गजऱ्यावरून चाललंय तुझं.

शुभंकर: एक गजरा. फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीमागे, स्टीलच्या डब्यात, ओल्या रुमालात गुंडाळून. किती जपून ठेवलेला! आणि आला कुठून, तर भाजीच्या क्रेटमधून. मी वर्षाचे पैसे भरतो, तिकडे खडकवासल्यापलीकडे शेतात जे काय पिकेल त्यातला वाटा दर शनिवारी माझ्या घरी येतो आणि त्यावर बायकोला गजरा. वा! शेतकऱ्याकडून थेट ग्राहकाला.

दीपमाला: तो आईंचा आहे. काल सांगितलं, आज परत सांगते.

शुभंकर: माझ्या आईचा! माझे वडील जाऊन तीन वर्षं झाली. तिला कोण गजरे पाठवणार आहे? तुझ्या तोंडावर विचारलं ना मी तिला काल? काय म्हणाली? आई, सांग हिला परत. काय म्हणालीस तू?

इंदुबाई: मले नोको विचारू. मी काम करून राह्यली.

शुभंकर: ‘माया नाही’ म्हणाली. संपलं. माझी आई खोटं बोलत नाही.

दीपमाला: बोला ना आई. काल नाही बोललात, आता तरी बोला.

इंदुबाई: हळू बोल. ऐकून राह्यला थो.

दीपमाला: ऐकू दे की! गेल्या शनिवारी मीच खालून क्रेट आणला. वरती पुरचुंडी होती, तुमच्या नावाची. मीच तुमच्या हातात दिली. तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, ‘हो, माझा आहे.’ दोन शब्द.

इंदुबाई: कसं म्हनू वं? विधवा बाई मी. हिंमतराव गेले तवा कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, त्याच्यानंतर फुलाले हात नाही लावला. आन् जवान पोरगा समोर उभा राहून पुसते, गजरा तुया हाय काय? ‘हाव’ म्हनू? मायी जीभच उचलली नाही. शरमेनं मेली मी.

दीपमाला: वानवळा होता तो. पहिलं पीक आलं की आपल्या माणसाला द्यायचं. मथुराबाईंच्या शेतावरून आला. त्यात कसली शरम?

इंदुबाई: वांग्याची नाही शरम. वांगे त मायेच व्हय ना. पावसाळ्यात तू मले शेत पाहाले घेऊन गेली होती, तवा गावाकडून आनलेलं वांग्याचं बी मी मथुराबाईले देल्लं होतं. पदराले गाठ मारून नेलं होतं. इथं फ्लॅटमधी कुठं लावू म्हनलं, तुमी लावा. ते म्हने, ज्याच्या घरचं बी त्याच्या घरी पयला तोडा गेला पाह्यजे. तवापासून धाडते. आन् वरतून शेवंतीचा गजरा ठेवते, तिच्या बांधावरच्या फुलाचा. तिले का मालूम नाही मी विधवा हाव म्हनून? मालूम हाय. तरी धाडते.

दीपमाला: मग तुम्ही तो फ्रिजमध्ये का लपवलात?

इंदुबाई: फेकाले निंगाली होती. नाही फेकवला. म्हनलं, राहू दे एक दिवस. मंग रुमाल ओला करून ठेवला, का दोन दिवस राहीन. तू हापिसात गेली, शुभ्या हापिसात गेला, का मी डबा काढो, वास घेओ, परत ठेवो. बस, येवढंच. लय आवडे मले. हे सांगू पोराले?

दीपमाला: आणि तुमच्या त्या लाजेपायी माझा हात गेला.

इंदुबाई: लाजच होती असं बी नाही. आता लपवून काय करू? भेली मी. त्याचा हात वर गेला होता. ‘माया हाय’ म्हनलं असतं त थो हात मायावर आला असता. हिंमतरावनं उभ्या जन्मात बोट लावलं नाही मले. मायबापानं नाही मारलं. मार कसा असते तेच मालूम नाही मले, म्हनून लय भेव वाटलं. मनात आलं, हिले त सवय हाय.

दीपमाला: काय म्हणालात?

इंदुबाई: आलं मनात. खोटं कायले बोलू?

दीपमाला: सवय! वा, आई. मार खाण्याची सवय असते का हो? मला तर अजून नाही झाली. दर वेळेला पहिल्यांदा बसल्यासारखाच बसतो.

शुभंकर: झाली का मीटिंग? दार उघडताय की नाही? ठीक आहे. आई, तुझ्या या सगळ्या बरण्या इथे हॉलच्या खिडकीत आहेत, ऊन दाखवायला ठेवलेल्या. कुठल्या बरणीपासून सुरू करू?

इंदुबाई: शुभ्या! हात नोको लावू त्याईले!

शुभंकर: मग कडी काढ.

इंदुबाई: अरे, दोन महिन्यापासून भरून राह्यली मी त्या. दर शनिवारचं जे उरलं ते साठवलं. लेका, त्याच्यात वर्षाचं खानं हाय आपलं.

शुभंकर: लिंबाचं लोणचं. गेलं.

दीपमाला: फोडली! अरे, माणूस आहेस का कोण आहेस तू?

इंदुबाई: वास आला लिंबाचा. अजून मुरलं बी नव्हतं.

शुभंकर: आता ही पिवळी. ही कसली आई?

इंदुबाई: मोरावळा व्हय. नोको रे. दीपमालेले पित्त होते म्हनून केला. आवळे किसू किसू बोटं काळी पडली मायी, आठ दिवस निंगालं नाही काळं.

शुभंकर: हिच्यासाठी का? मग हीच आधी फोडायला हवी होती.

इंदुबाई: गेला. गेला मोरावळा. अरे शुभ्या, चप्पल घाल! पायात काच जाईन तुया!

दीपमाला: आई!

इंदुबाई: तोंडातून निंगालं वं.

दीपमाला: माझा हात पिरगाळत होता तेव्हा नाही निघालं तुमच्या तोंडातून काही. आत्ता बरोबर निघालं. चप्पल घाल! पायमोजे पण देऊ का विणून?

इंदुबाई: मार टोमने. मार, मी ऐकते.

दीपमाला: आई, हे काय? दाराखालून लाल काय येतंय आत? रक्त आहे का? पाय कापला का त्याचा?

इंदुबाई: बोट लावू नोको डोळ्याले! ठेचा व्हय थो. लाल मिरचीची बरणी फेकली त्यानं दारावर. तेल आलं आत.

शुभंकर: घाबरलात? तो मिरचीचा होता. पुढचं रक्त खरंखुरं असेल. भाजीची गाडी आता येईलच. तुझ्या फोनवरून मेसेज टाकलाय दीपा. ‘आज खाली येता येणार नाही. वर आणून द्या. ते वेगळं असतं तेही आणा.’ लगेच उत्तर आलं, ‘बरं, वर आणतो.’ किती तत्पर सेवा!

दीपमाला: तू काय करणार आहेस?

शुभंकर: बेल वाजली की दार मी उघडणार. नमस्कार करणार. आणि ज्या हाताने गजरे बांधतो ना तो, तो हात इथे, या उंबऱ्यावर ठेवून तोडणार. मग बघू पुढच्या शनिवारी काय पाठवतो.

दीपमाला: अरे, रविराज फक्त गाडी चालवतो! त्याला दोन मुली आहेत!

शुभंकर: नाव बघ कसं पटकन आलं तोंडावर.

दीपमाला: सगळ्या सोसायटीच्या तोंडावर आहे. क्रेटवर छापलंय त्याचं नाव आणि नंबर. शुभंकर, तुरुंगात जाशील. ऐक माझं. मला मार हवं तर, त्याला काही करू नकोस.

शुभंकर: बघा! बघा, किती कळवळा!

दीपमाला: आई, हा करेल. मी ओळखते याचा हा आवाज. हा खरंच करेल. तो माणूस पिशवी घेऊन हसत हसत जिना चढून येईल आणि हा त्याचा हात तोडेल. खिडकीतून ओरडावं तर ही खिडकी मागच्या भिंतीकडे. बोला काहीतरी!

इंदुबाई: शुभ्या.

शुभंकर: काय?

इंदुबाई: गजरा माया होता.

शुभंकर: काय म्हणालीस?

इंदुबाई: माया होता गजरा. मथुराबाईनं धाडला मले. बाई व्हय ते, साठीची. त्याईच्या शेतातून भाजी येते आपल्या घरी. वांग्याचं बी मी देल्लं होतं तिले, म्हनून वानोळा धाडते.

शुभंकर: काल ‘नाही’ म्हणालीस.

इंदुबाई: काल खोटं बोलली.

शुभंकर: का?

इंदुबाई: लाज वाटली. भेव वाटलं. तुयं भेव वाटलं मले.

शुभंकर: माझं? मी तुझ्यावर कधी हात उगारलाय?

इंदुबाई: उगारलेलाच होता काल. कोनावर पडते येवढंच ठराचं होतं. पाह्य शुभ्या, गेल्या हप्त्यात वांगे खाल्ले ना तू? चार भाकरी खाल्ल्या. बोटं चाटत म्हनला, माय, बाबाच्या वावरातल्यासारखे लागतात. आपल्याच वावरातले व्हय लेका. तुया बाबानं राखलेलं बी व्हय ते. त्याच पुरचुंडीत गजरा होता.

शुभंकर: हिने शिकवलं तुला. तासाभरापासून कानाला लागलीये तुझ्या.

इंदुबाई: आईची आन घेऊन सांगते.

शुभंकर: बरं, समज. समज, तुझा होता. मग हिला नीट सांगता येत नव्हतं? ‘वेडा झालास का’ म्हणाली मला. नवऱ्याला! वर आवाज चढवून! त्याचं काय?

दीपमाला: ऐकलंत आई? गजरा बाजूला पडला, मार मात्र जागच्या जागी आहे. गेल्या महिन्यात भाकरी जाड झाली म्हणून तवा फेकला माझ्यावर. तेव्हा कुठला गजरा होता? त्याच्या आधी गाडीची किल्ली सापडेना म्हणून. त्याला कारण लागत नाही हो. मारून झालं की शोधतो.

इंदुबाई: म्हंजे काल मी खरं बोलली असती तरी त्यानं मारलंच असतं?

दीपमाला: मारलंच असतं.

इंदुबाई: मंग मी बोलून काय फरक पडला असता?

दीपमाला: मी एकटी पडले नसते, आई. तो मारत होता त्याचं मला काल नवीन काही नव्हतं. तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसलात, ते जास्त लागलं. माझं माहेर इथे शनिवार पेठेत, रिक्षाने अर्धा तास. तिथे सांगायला गेले तर म्हणतात, जरा सांभाळून घे, मुलगा चांगल्या नोकरीत आहे. मग कोण उरलं मला? दर शनिवारी तुमच्याबरोबर भाजी निवडत बसायचे, तेवढंच एक घर वाटायचं मला या घरात.

इंदुबाई: पिठाचा डबा सरकव दारामागून.

दीपमाला: काय?

इंदुबाई: एका हातानं नाही जमणार तुले, राहू दे. मीच सरकवते. मी बाहेर गेली का मागून कडी लाव. लगेच लाव.

दीपमाला: तुम्ही कुठे निघालात? आई, त्याच्या हातात कोयता आहे. मारेल तो तुम्हाला.

इंदुबाई: मारन त मारन. कोनी तरी मथुराबाईचं मानूस जिना चढून येईन, त्याच्यावर कोयता पडू देऊ काय मी? एकदा पाह्यलं उभ्यानं, तेवढं बस झालं.

दीपमाला: आई, थांबा. आई!

(कडी निघते, दार उघडून लगेच आपटतं, कडी पुन्हा लागते.)

शुभंकर: आलीस? शहाणी आहेस. तिकडे बस सोफ्यावर. पाय जपून टाक, काच आहे.

इंदुबाई: मी इथंच उभी राहीन. या मोठ्या दारापुढं.

शुभंकर: आई, तिथून हो बाजूला.

इंदुबाई: नाही होत.

शुभंकर: गाडीचा हॉर्न वाजला खाली. तो येईल आता. बाजूला हो.

इंदुबाई: येऊ दे. पयले मी, मंग थो.

शुभंकर: नाटकं नकोत हां मला! तुझं ऐकून घेतो म्हणून काय डोक्यावर बसायचंय? बाजूला हो! हो म्हणतो ना बाजूला!

दीपमाला: आई! आई, काय झालं? कसला आवाज झाला? बोला काहीतरी!

शुभंकर: मी नुसतं ढकललं. तू मध्ये आलीस.

इंदुबाई: ढकललं नाही. थोबाडीत मारली तू मले. जे केलं त्याचं नाव घे.

शुभंकर: तू मध्ये का आलीस? मला कुठे मारायचं होतं तुला? ऊठ. काच लागली का? बघू, रक्त येतंय. ऊठ आई.

इंदुबाई: हात नोको लावू मले. मायी मी उठते. इतकंच असते व्हय हे?

शुभंकर: काय इतकंच?

इंदुबाई: मार. इतकाच असते? कान वाजून राह्यला, दाढ हालली, तळहातात काच घुसली. आन् बस? ह्याच्यापायी मी भेली काल? ह्याच्यापायी लेकरासारख्या पोरीचा हात मोडू देल्ला? थू मायावर! ऐकलं काय वं दीपमाला? मले मारलं त्यानं. मी अजून दारातच हाव.

दीपमाला: ऐकतेय आई. मी आहे इथे. मी दाराला कान लावून बसलेय.

शुभंकर: गप्प बसा दोघी! पायऱ्यांवर कोणीतरी आहे.

मथुराबाई: इंदुबाय! अवो इंदुबाय, हायसा का घरात?

शुभंकर: कोण आहे? कोण बाई आहे ही?

इंदुबाई: उघड आता दार. उघड ना. गजरा बांधनारे हात तोडाचे होते ना तुले? तेच आले वर.

मथुराबाई: उघडलं का? देवा, किती ह्यो जिना! लिफ्ट बंद तुमची. नमस्कार. म्या मथुरा, शेतावरली. गुडघं दुखत्यात म्हनून म्या कधी गाडीतनं उतरत न्हाई, पर आज निरोप आला वर आना म्हनून. रविराज म्हनला, मी देतो. म्या म्हनलं न्हाई, वानवळा हातात द्यायचा असतो, इतकं दिस क्रेटातनं धाडला त्येच चुकलं आपलं. ह्यी वांगी, ह्या शेंगा, आन् ह्यो गजरा इंदुबायचा. तुमी शुभंकर का? लई सांगत असत्यात आई तुमचं.

शुभंकर: तुम्ही? गजरा तुम्ही पाठवता?

मथुराबाई: मंग? बांधावर शेवंती हाय माझ्या. का वो?

शुभंकर: नाही, नाही. काही नाही. या ना काकू, आत या. सॉरी हां, जरा पसारा झालाय, बरण्या पडल्या. दीपा! दीपा, ये बाहेर, काकू आल्यात. चहा टाक मस्त. सगळं क्लिअर झालं. गैरसमज होता.

दीपमाला: क्लिअर झालं?

शुभंकर: हो, अगं, गैरसमज! आई, तू पण ना. आधीच नीट सांगितलं असतंस तर एवढं झालंच नसतं.

मथुराबाई: तुमच्या हातात कोयता हाय.

शुभंकर: हा? नारळ फोडत होतो.

मथुराबाई: नारळ कुठाय?

शुभंकर: आहे आत.

मथुराबाई: मला नारळ दिसंना. दाराच्या फळीत खाचा पडल्याल्या दिसत्यात. आन् इंदुबाय, तुमच्या गालावर पाच बोटं उमटल्यात.

इंदुबाई: मथुराबाई, माया पोरानं सुनेचा हात मोडला काल. ते अंदर कडी लावून बसली हाय. आज तुमच्या मानसाचा हात तोडाले दारामागं उभा होता. मले बी मारलं. तुमी आल्या म्हनून थांबला, नाही त थांबला नसता.

शुभंकर: आई! काय बोलतेस तू? काकू, तिचं वय झालंय, तिला काही कळत नाही. हा आमचा घरगुती मामला आहे.

मथुराबाई: घरगुती व्हता तर मला कशाला वर बोलावलंस? बाजूला सर, बाल्कनीत जाऊ दे मला. सर म्हनते ना. ए रविराज! रविराज, इकडं वर बघ! गाडीचं फाळकं लाव. आज येक काडी द्यायची न्हाई कुनाला. भाजीला जमल्यात ना समदी? त्यास्नी म्हनावं, आधी तिसऱ्या मजल्यावर या. हितं सून मारत्यात. आलात तर वाटा मिळंल, न्हाई तर रिकाम्या पिशव्या घेऊन जावा घरी!

शुभंकर: तुम्हाला अक्कल आहे का? सगळ्या सोसायटीसमोर!

मथुराबाई: सोसायटीला ठावंच हाय की रं. आवाज काय फकस्त मलाच ऐकू यायचा राहिला व्हता. कोयता खाली ठेव आता.

दीपमाला: आई, जिन्यावर पावलं वाजतायत. बरीच जणं आहेत. परीक्षावाले काका पण आहेत, त्यांचा आवाज येतोय.

इंदुबाई: येऊ दे. तू ये आता बाहेर. कोयता ठेवला त्यानं. मी हाव इथं मधी.

दीपमाला: आले. तुमचा हात बघू. केवढी काच आहे ही!

इंदुबाई: राहू दे. मथुराबाई, तुमचा फोन द्या. एकशे बारा लावून द्या मले.

शुभंकर: आई, फोन ठेव.

दीपमाला: माझ्याकडे द्या आई, मी बोलते. तुम्हाला नाही जमणार ते.

इंदुबाई: नाही. तू बोलली त म्हनतीन, नवराबायकोचं भांडन हाय, समजून घ्या. मीच बोलते.

शुभंकर: माय. माय, नोको ना वं. मले पकडून नेतीन. नोकरी जाईन मायी. तुयाच पोरगा हाव ना मी? पाया पडतो तुया, ठेव ना फोन.

इंदुबाई: ऊठ, काचेत गुडघे नोको टेकू. आन् आपली बोली नोको बोलू मायासंग आता, मले रडू येते. हॅलो? हाव जी. विश्रांतवाडीतून बोलून राह्यली. एका मानसानं बायकोचा हात मोडला, आन् कोयता घेऊन दार फोडत होता. हाव, आता बी घरातच हाय. नाव शुभंकर हिंमतराव. नाही जी, भांडन मिटलं नाही. मिटवाचं बी नाही. हाव, मी सांगते ना साक्ष, मायासमोर झालं सारं. मी? नाही जी, मी पोरीकडची नाही. मी पोराची माय व्हय.